हरीशेठच्या टायरचा पंचनामा

हरीशेठ फुटलेल्या टायरचा पंचनामा करायचा. चेष्टा नाही, खराखुरा पंचनामा. गाडी रस्त्यात जिथे बसली तिथेच उभी ठेवायची, कुणाला हात लावू द्यायचा नाही आणि मला घरून बोलावून घ्यायचं. मी पोचलो की तो खिशातून वहीचा फाडलेला कागद काढायचा आणि म्हणायचा, "सायब, लिवा. हरामखोर कोन त्यो गावलाच पायजे."

मी सरकारी कचेरीतला कारकून. मुंबईतली खोली सोडून नवघरला ब्लॉक घेतला, कारण बिल्डरने चोवीस तास पाणी देईन असं छापून दिलं होतं. पाणी तिसऱ्या महिन्यात गेलं. छापलेला कागद अजून आहे. आमची बिल्डिंग उभी राहिली ती जागा म्हणजे हरीशेठच्या बापाची भातशेती. तो शेजारच्याच जुन्या कौलारू घरात राहायचा आणि आमच्याकडे असा बघायचा की आम्ही अजून त्याच्या बांधावरच बसलोय. मला लिहिता येतं, एवढ्या एका गुन्ह्यासाठी मी त्याचा कायमचा पंच झालो होतो.

शेत गेलं आणि गाडी आली. पांढरी फियाट, सेकंडहँड. तिची मूळची चाकं हरीशेठला भिकारी वाटली. मुंबईला जाऊन त्याने मॅगव्हील बसवून आणली. रुंद, चकचकीत, आत तोंड बघून भांग पाडावा अशी. त्यांवर तसेच रुंद टायर, मडगार्डच्या बाहेर बोटभर डोकावणारे. लुंगीवर लग्नातले बूट घालावेत तशी ती गाडी दिसायची. पण रोज सकाळी हा माणूस जुन्या बनियनने ती चाकं पुसत बसायचा. बायकोची चौकशी त्याने इतक्या मायेने कधी केल्याचं ऐकिवात नाही. आणि महिना-दीड महिन्याने मागचं एक टायर फुटायचं.

पहिल्यांदा आळ नजरेवर आला. "जलतात लोकं," असं म्हणून त्याने मागच्या बंपरला काळी बाहुली टांगली. बाहुलीसकट टायर फुटलं. मग रस्त्याच्या कंत्राटदाराची पाळी आली. मी भर उन्हात फूटपट्टीने खड्डा मोजला, लांबी, रुंदी, खोली सगळं लिहिलं आणि तो कागद घेऊन हरीशेठ कंत्राटदाराच्या दारात दोन तास शिव्या देत उभा राहिला. तिसऱ्या वेळी त्याने माझ्याकडेच रोखून पाहिलं.

"सायब, तुमची खाट मोडली ना मागल्या हप्त्यात?"

"मोडली."

"मग खिले कुटं टाकले?"

त्या दिवशी माझ्यावरचा आरोप मी माझ्याच हस्ताक्षरात लिहून घेतला आणि खाली सहीसुद्धा केली. घरी बायकोने कपाळाला हात लावला. मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही, हे मला जास्त लागलं.

खरं कारण सांगितलं नाक्यावरच्या सलीम टायरवाल्याने. त्याने टायरमधून हात फिरवला आणि बाजूची चीर दाखवली. "सेठ, ये कील-वील का काम नहीं है. टायर चौडा है, बाहर निकला हुआ है. पीछे वजन पडा तो गाडी बैठती है और मडगार्ड की पत्ती टायर को काटती है. या तो ये पहिये निकालो, या वजन निकालो. डिकी में रखते क्या हो?"

"वजन कसला?" हरीशेठ उखडला. "डिकीत स्टेपनी हाय नि माजी चप्पल हाय."

"तो खोल के दिखाओ ना."

हरीशेठने टायर उचललं आणि चालता झाला. उघडून काही दाखवलं नाही. मी समजलो, गावठी दारूचा धंदा दिसतोय. खरं सांगतो, मला मनातून बरं वाटलं. खाटेच्या खिळ्यांवरून मला चोर ठरवणारा माणूस पोलीस चौकीच्या बाकावर कसा दिसेल, याचं चित्र मी दोन-तीन दिवस चवीने रंगवलं.

पुढच्या वेळी टायर फुटलं तेव्हा पंचनाम्याला बोलावणं आलं नाही. मला ते योगायोगाने कळलं. रविवारी सकाळी स्कूटरवरून मीरा रोडला निघालो होतो. बेव्हर्ली पार्कच्या अलीकडे ती पांढरी गाडी एका अंगावर कलंडलेली दिसली. वजनासकट गाडी जॅकवर उचलेना, म्हणून हरीशेठ डिकी रिकामी करत होता. रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकचे पांढरे कॅन ओळीने उभे होते. पाच डिकीतले, चार मागच्या सीटवर गोणपाटाखाली झाकलेले.

"दारू का?" मी विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. असा मी.

"पानी," तो म्हणाला.

मी हसणार होतो. पण त्याने मान वर केली नाही. कॅनवर हात ठेवून तिथेच फुटपाथवर बसला आणि पंचनाम्यात कधीच न आलेली गोष्ट सांगायला लागला.

त्याची मोठी बहीण हिराबाय. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. सासरचं घर पाडून इथेच बेव्हर्ली पार्कला बिल्डिंग झाली, तिच्यात तिसऱ्या मजल्यावर तिला एक खोली मिळाली. नळ कोरडा. टँकर यायचा, पण गुडघे धरून ती खाली उतरेपर्यंत बाकीच्या बायका तो रिकामा करून टाकायच्या. हे सगळं हरीशेठला कळत होतं आणि त्याला तिच्या दारात जायची सोय नव्हती. बापाची शेती विकताना हक्कसोडीच्या कागदावर बहिणीची सही लागत होती. त्याने "लाइटच्या मीटरचा कागद हाय" असं सांगून तिचा अंगठा घेतला होता. शेताला कंपाउंड पडलं तेव्हा तिला समजलं.

"हिस्सा मांगला न्हाय हो तिनं," हरीशेठ म्हणाला. "बोलली, मना इचारलं असतंस तर तसाच दिला असता. चार मान्सांत बोलली, आजपासून तुज्या घरचं पानी माज्या तोंडात जानार न्हाय."

म्हणून हा बाबा आठवड्यातून दोनदा बापाने खणलेल्या विहिरीचं पाणी गाडीत भरून आणायचा, वॉचमनकडे द्यायचा आणि वॉचमन ते टँकरचं म्हणून वर पोचवायचा. आमच्या अख्ख्या बिल्डिंगला त्या विहिरीची एक बादली मिळाली नव्हती. विहिरीवर कुलूप होतं. मला राग यायला हवा होता. आला नाही.

"सायब, कुनाला बोलू नका," त्याने माझा हात धरला. त्याने माझ्याकडे असं काही मागितलं ते तेवढं एकदाच.

दुसऱ्या दिवशी हरीशेठने मॅगव्हील काढून टाकली. जुनी, बारकी, लोखंडी चाकं लावली. "चोर लै झालेत," असं तो सगळ्या नवघरला सांगत होता. सलीमने दोन उपाय सांगितले होते, वजन काढा नाहीतर चाकं काढा. त्याने कुठला निवडला नि कुणासाठी, हे फक्त मला ठाऊक होतं, आणि तेच मला पचलं नाही. सुशिक्षित माणसाला दुसऱ्याचं घर सांधायची भारी हौस असते. स्वतःच्या सख्ख्या भावाशी मी दोन वर्षं बोललो नव्हतो, ते त्या वेळी आठवलं नाही. भाऊबीज चार दिवसांवर होती. मी सरळ हिराबायच्या घरी गेलो.

तिने आधी पाणी दिलं. मी ते प्यायलो आणि म्हणालो, "मावशी, हे पाणी कुणाचं आहे माहीत आहे?" आणि सगळं सांगून टाकलं. गाडी, कॅन, फुटलेले टायर, काढून टाकलेली चाकं. चांगलं रंगवून सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी येईल, ती पदर तोंडाला लावील, अशी माझी समजूत.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मना ठाव हाय."

"काय?"

"पयल्या दिसापासून ठाव हाय. त्या बावीचं पानी पिऊन वाढले मी. मना चव कळनार न्हाय? टँकरचं पानी असं गोड असतं कवा?"

"मग पीत होतात ना?"

"पीत होते. त्यो बोलला न्हाय, मी इचारलं न्हाय. दोगांचं चाललं होतं." तिने माझा रिकामा पेला उचलला. "आता तुमी माज्या तोंडावर बोललात. चार मान्सांत शब्द दिलाय मी. आता कसं पिऊ, तुमीच सांगा."

ती रागावली नव्हती. खरोखर विचारत होती. तीस वर्षं सरकारी टिपणं लिहिणारा मी, चपला घालून जिना उतरलो.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी हरीशेठने मला हाक मारली. "चला जरा, रिकामे कॅन आनायला." मी गेलो, न जाऊन काय करणार? हिराबायच्या बिल्डिंगच्या गेटपाशी आदल्या खेपेचे नऊच्या नऊ कॅन भरलेले उभे होते. बुचंही उघडलेली नव्हती. वॉचमन दुसरीकडे बघत होता. वर तिसऱ्या मजल्याची खिडकी बंद.

हरीशेठने वाकून एकेक बूच चाचपून पाहिलं. आता हा वळेल, माझ्याकडे बघेल आणि विचारेल, असं वाटत होतं.

"माजीच चूक," तो म्हणाला. "तिला चव कळली असनार. अर्दं टँकरचं मिसळायला पायजे होतं."

मग त्याने एक कॅन उचलला. मी दुसऱ्याला हात घातला तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सायब, जड हाय. तुमाला सवय न्हाय." नऊ कॅन त्याने एकट्याने गाडीत चढवले. मी बाजूला उभा होतो. तिला मीच बोललो, हे सांगायला हवं होतं. मी डिकीचं झाकण लावून दिलं.