दिगंबरकाकांची बाथरूम

आमच्या शेजारचे दिगंबरकाका कुणाच्याही घरी गेले की आधी उकिडवे बसून चार फरशा बोटानं ठोकतात, मग खुर्चीत बसतात. माझ्या वास्तुशांतीला पूजा चालू असताना त्यांनी गुरुजींचा पाट सरकवला, ठोकलं आणि भर पाहुण्यांत सांगितलं, "हितं खाली पोकळ हाय." मला नंतर प्रसादाचा शिराही कडू लागला.

पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला हा माणूस. नांदेडातल्या एकाही मिस्त्रीवर त्यांचा भरवसा नाही. काकू बाथरूममध्ये घसरून पडल्या, खुबा मोडला, ऑपरेशननंतर लेक त्यांना लातूरला घेऊन गेली. ती गुळगुळीत फरशी निघाल्याशिवाय आईला पाठवणार नाही, असं तिनं बजावलं. काकांनी तीन मिस्त्री बोलावले आणि तिघांनाही वाटेला लावलं. एकाच्या सिमेंटवर शक, दुसऱ्याच्या लेव्हलवर. तिसऱ्यानं चहा नको म्हटलं, म्हणून त्याच्यावर तर लईच.

शेवटी मोबाइलवर बघून बघून स्वतःच बसले कामाला. खरबरीत टाइल्स आणल्या, आधी कोरड्याच मांडून पेन्सिलीनं नंबर टाकले. मग दातेरी पत्र्यानं सिमेंटचा मसाला ओढायचा, टाइल टेकवायची, रबरी हातोडीनं हळू ठोकायची, दोन टाइल्सच्या मधे प्लास्टिकचा तुकडा. ढाळ बरोबर आहे का बघायला तांब्याभर पाणी ओतायचं आणि ते जाळीकडे जातंय की नाही, यावर चोरावर ठेवावी तशी नजर ठेवायची. दोनदा पाणी कोपऱ्यात थांबलं. दोनदा सगळं उखडलं. तिकडे काकू रोज फोनवर विचारायच्या, कधी येऊ म्हणून. मिस्त्री लावला असता तर एव्हाना त्या घरी असत्या, असं मी तोंडावर सांगितलं. चिडलोच होतो मी. ते माझ्याकडेही संशयानंच बघू लागले.

अखेर काकू आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर काका बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकून बसलेले. आत काकूंची अंघोळ चाललेली. हे बाहेरून विचारत होते, लातूरला काय काय खाल्लं, नातू काय म्हणतो. त्या वैतागून उत्तरं देत होत्या.

मी म्हटलं, "काका, स्वतःच्या हाताच्या फरशीवरबी शक?"

"फरशीचं न्हाई रे," ते हळूच म्हणाले. "त्या दिवशी मी टीव्ही बघून राहिलो होतो. तिनं लई हाका मारल्या म्हणे. मला एकबी ऐकू आली न्हाई."

आतलं बोलणं थांबलं. काका उठून दाराला कान लावून उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले, "बोलत ऱ्हा."