शेंडेनक्षत्राचा आवाज

"हे खोटं आहे," असे तीनच शब्द मी त्या संध्याकाळी बोललो. त्याऐवजी समोरच्या ताटातला भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला असता, तर आज सोनईत माझी थोडीफार अब्रू शिल्लक असती. पण हायस्कुलात क्लार्क असलेल्या माणसाचा एक घोटाळा होतो. शिक्षकांच्या खोलीशेजारी बसून बसून आपणही थोडे शिक्षकच आहोत, असं त्याला वाटायला लागतं. (शिक्षकांना तसं वाटत नाही, हा भाग वेगळा.)

साल सत्त्याण्णव, एप्रिलचा पहिला आठवडा. दिवस मावळून उजेड राखेसारखा झाला की वायव्येला, बाभळींच्या वर, तो धूमकेतू उगवल्यासारखा दिसायचा. शेपूट वर, तोंड खाली. चांदण्या लुकलुकतात, विमान सरकतं. हा काहीच करायचा नाही. नुसता तिथं असायचा, कुणीतरी दारात येऊन न बोलता उभं राहावं तसा. कुरडया-पापडांची वाळवणं काढताना बायका तिकडं पाठ करायच्या. म्हातारी माणसं त्याला शेंडेनक्षत्र म्हणायची आणि म्हणताना आवाज उतरवायची.

तरी तेवढ्यावर भागलं असतं. पण मग केबलवर ती कॅसेट आली.

सातच्या सुमाराला सिनेमा अर्ध्यात तुटला. पडदा काळा झाला. त्या काळ्यातून पांढरी अक्षरं गिरक्या घेत पुढं आली : 'परदेशी शास्त्रज्ञांनी टिपलेले दृश्य. तो आपल्याकडे वळला आहे.' मग चांदण्यांनी भरलेलं आकाश, आणि त्यातून हळूहळू पुढं येणारा एक पांढरा गोळा. त्याच्या मागं शेपूट वळवळत होतं. आणि मग पुन्हा अक्षरं : 'हा त्याचा आवाज.'

तो आवाज कसा सांगू? आधी लांबून काहीतरी जड ओढत आणल्यासारखी घरघर. ती वाढत वाढत इतकी वर जायची की टीव्हीवरची काच थरथरायची. मग ती एकदम बंद. काहीच नाही. त्या शांततेत सगळा गाव श्वास धरून बसायचा. एक, दोन, तीन, चार... आणि आता संपलं असं वाटतानाच, कुणीतरी बारीक फटीतून आत शिरावं तशी एक लांब शीळ.

शेजारच्या कडूबाईंनी पदर तोंडात धरला. बाहेर कुत्री रडायला लागली. माझ्या स्वतःच्या अंगावर काटा आला, आणि भीतीपेक्षाही विचित्र असं काहीतरी वाटलं. हा आवाज आपण पूर्वी कुठंतरी, फार जवळून ऐकलाय.

तेवढ्यात माझ्या तोंडून ते तीन शब्द गेले. "हे खोटं आहे."

"असू दे," माझी बायको जयमाला घाईघाईनं म्हणाली. "तुम्ही जेवा."

दोन दिवसांत त्या कॅसेटची एक कॉपी जामखेडकडच्या एसटीतून पार खर्ड्याला पोचली. (कुणी पाठवली, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. मला नेमके नको ते प्रश्न पडतात.) खर्ड्याला राहायचे आप्पासाहेब, आणि आप्पासाहेबांच्या पुतण्याशी माझ्या मेहुणीचं, अश्विनीचं, लग्न मी ठरवत आणलं होतं. सासरे वारलेले, थोरला जावई म्हणून ते माझंच काम. अश्विनी आमच्याकडं राहून डी.एड. करत होती, एक वर्ष राहिलं होतं. पण आप्पासाहेबांना लग्न याच उन्हाळ्यात हवं होतं. शिक्षणाचं पुढं बघू म्हणाले. मीही बघू म्हणालो. ज्या गोष्टीकडं कधीच बघायचं नसतं, तिला आपण बघू म्हणतो.

शाळेत आप्पासाहेबांचा फोन आला.

"भाऊसाहेब, तारीख धरू नका. आमी ती कॅसेट बघितली. घरातली मानसं चार रोज अंगनात झोपली न्हाईत. मी सोता न्हाई झोपलो. असल्या नक्षत्राखाली अक्षता टाकायच्या न्हाईत, अन् ह्या सालात तर न्हाईच न्हाई."

"अहो, ती कॅसेट बनावट आहे!"

"मंग दावा."

"दाखवतो," मी म्हणालो. "या रविवारी."

घरी येऊन ही बातमी दिली, तेव्हा अश्विनी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"घाबरू नकोस," मी तिला म्हणालो. "तुझं लग्न मोडू देणार नाही."

ती माझ्याकडं अशी बघायला लागली की मला भरून आलं. मी ते कृतज्ञता म्हणून घेतलं.

"कशाला उकरून काढताय?" जयमाला म्हणाली. "एवढी माणसं भितात, म्हणजे काहीतरी असेल."

"तू सुद्धा?" मी म्हणालो. "पदवीधर असून?"

केबलवाल्याकडून मी मूळ कॅसेट मागून आणली आणि व्हीसीआर भाड्यानं आणला. दुपारी घरात कुणी नसताना खिडक्या लावून, पडदे ओढून बसलो. शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांना विचारून काय तपासायचं ते वहीत उतरवून घेतलं होतं.

एकट्यानं ती कॅसेट बघणं सोपं नव्हतं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत तो गोळा माझ्याकडं येत होता. मी बटण दाबायचो, तो थरथरत जागीच थांबायचा. मागं घ्यायचो, तो आल्या वाटेनं अंधारात परत जायचा. आणि आवाज! बंद घरात तो टीव्हीतून येतोय असं वाटतच नव्हतं. तो पलंगावरून येतोय असं वाटायचं. मी दोनदा वळून बघितलं. पलंगावर कुणी नव्हतं, उशीला मात्र खळगा पडला होता.

तरी मी हटलो नाही. पहिली खूण सापडली ती शेपटात. खरा धूमकेतू बघताना जागचा हललेला कळत नाही, आणि हा पाच मिनिटांत अख्खं आकाश ओलांडत होता. वर त्याचं शेपूट वेटोळी घेत होतं. उदबत्तीचा धूर बॅटरीच्या उजेडात धरावा, अगदी तसं. दुसरं म्हणजे चांदण्या. त्या ओळीनं होत्या! चार चांदण्या आणि मध्ये एक बारीक, पुन्हा चार, पुन्हा एक बारीक. देवानं आकाश इतकं मोजून केलेलं नाही. आणि मग मी श्वास रोखून ती जागा पुन्हा पुन्हा बघितली. वाऱ्याची झुळूक यावी तसं अख्खं आकाश हललं. आकाशाला चुणी पडली.

मी ओरडलोच. "कापड! हे कापड आहे!"

जयमाला नेमकी दारात आली होती. तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"हे बघ," मी तिला टीव्हीपुढं ओढलं. "काळं कापड, त्यावर पांढरी बुट्टी. अशी साडी असते का गं?"

"असेल कुणाची तरी."

"बाईमाणसाच्या लक्षात यायला पाहिजे. संक्रांतीला नेसतात तशी."

"तुमच्या लक्षात येत नाही ना? मग झालं," ती म्हणाली आणि आत गेली.

गिरक्या घेणाऱ्या अक्षरांवरही माझा संशय गेला. माझा मेहुणा पंकज लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा करायचा आणि त्याच्या कॅसेटींवर 'शुभविवाह' ही अक्षरं अशाच गिरक्या घेत यायची. मी वहीत लिहिलं : 'परदेशातही पंकजसारखीच मशिनं असावीत.' (ती वही मी नंतर बंबात घातली.)

रविवारी संध्याकाळी आप्पासाहेब आले. पांढरं धोतर, पांढरी मिशी, बोलणं कमी. मी त्यांना आधी गच्चीवर नेलं. पंकज आला होता. तोही मागून आला, पण जिन्यातच रेंगाळला. वायव्येला धूमकेतू होताच. खाली रस्त्यावर एक माणूस दिसत नव्हता. कुठंतरी एक दार लावल्याचा आवाज आला आणि मग तेवढाही नाही. आप्पासाहेब बराच वेळ वर बघत राहिले.

"बघतंय आपल्याला," ते हळूच म्हणाले.

खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटत होतं. मी त्यांना भरभर खाली आणलं.

दिवा मालवून कॅसेट लावली. घरघर सुरू झाली. आप्पासाहेबांनी गुडघ्याला मिठी मारली. पण मी आता मागं हटणारा नव्हतो. काठी घेऊन टीव्हीपाशी उभा राहिलो आणि एकेक खूण दाखवली. धावणारा धूमकेतू. उदबत्तीचा धूर. ओळीतल्या चांदण्या. आकाशाची चुणी. प्रत्येक खुणेसरशी आप्पासाहेबांची मिठी सैल होत गेली. शेवटी ते चक्क हसले.

"लुगडं हाय की हो!"

"साडी," मी म्हणालो.

"मंग आमी लुगड्याला भ्यालो व्हय? भाऊसाहेब, मानलं तुमाला. ह्याच महिन्यात तारीख धरू."

मी विजयानं अश्विनीकडं बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते आनंदाचं नव्हतं. एवढं मलासुद्धा कळलं. तेवढ्यात आप्पासाहेबांनी हात वर केला.

"पन एक सांगा. समदं पटलं. ह्यो आवाज कशाचा? ह्यो काय मानसाचा आवाज न्हाई."

"आकाशात हवाच नाही, आप्पासाहेब, तर आवाज येणार कुठून? एखादी पिठाची गिरणी असेल. किंवा आजारी म्हैस."

कॅसेट चालूच होती. आजवर 'समाप्त' आलं की मी ती बंद करत असे. त्या दिवशी बोलण्याच्या भरात राहून गेलं. 'समाप्त' गेलं, पडदा काळा झाला, आणि घरघर मात्र थांबली नाही.

काळोख हलला. तो दोरीवर टाकलेल्या साडीचा होता. कुणीतरी ती बाजूला सारली आणि दुपारचा उजेड आला. मागं आमचं कॅलेंडर होतं. आमचं कपाट. आमचा पलंग. पलंगावर एक माणूस उताणा पडला होता, तोंड सताड उघडं, आणि त्याच्या हनुवटीपाशी एक माईक कुणीतरी नाजूकपणे धरला होता.

स्वतःला झोपलेलं बघण्यासारखं भयंकर जगात दुसरं काही नसावं. मी काठी टाकून दिली. पडद्यावर माझा श्वास अडला. खोलीतल्या आम्हा सगळ्यांचाही अडला. एक, दोन, तीन, चार... मग ती शीळ.

"पुरे रे पंकज," टीव्हीतून जयमालाचा आवाज आला. "उठतील हे."

"उठू दे की ताई. दाजींचं काम संपलं."

मग अश्विनीचा, अगदी बारीक : "पण खर्ड्याची माणसं भितील ना नक्की? मला डी.एड. पुरं करायचंय."

मी धावत जाऊन व्हीसीआरचं बटण दाबलं. चुकीचं दाबलं. सगळं मागं गेलं आणि शीळ पुन्हा वाजली.

दिवा लागला. पंकज जिन्यात नव्हताच आता. अश्विनीनं तोंड ओंजळीत लपवलं. जयमाला मात्र पुढं आली.

"दोष माझा आहे, आप्पासाहेब," ती म्हणाली. "साडी माझी. कल्पना माझी. ह्यांना तीनदा सांगितलं, पोरीला शिकायचंय. ह्यांनी तीनदा बघू म्हटलं. मग आम्हाला दुसरा माणूस सापडला नाही, म्हणून तारा धरला."

मला वाटलं, आता आप्पासाहेब उठून शिव्या देतील. ते उठले, पण अश्विनीपाशी गेले.

"पोरी, तोंडानं सांगायचं हुतं," ते म्हणाले. "आमी काय राक्षस हाय का? एवढ्यासाठी आभाळ खाली आनायची काय गरज हुती? शीक तू. पुतन्याला दुसरी बघू. त्यालाबी घाई न्हाई. घाई मलाच हुती."

अश्विनी त्यांच्या पाया पडली. बोलण्यासारखं माझ्याकडं होतं, पण ते सगळं 'बघू' पासून सुरू होत होतं. शेवटी मी एवढंच म्हणालो, "अश्विनी, फीचा फॉर्म उद्या माझ्याकडं दे," आणि ते तिला पुरलं असावं.

खर्ड्याकडं जाणारी शेवटची एसटी निघून गेली होती. झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून मी आप्पासाहेबांचा पाहुणचार जातीनं केला. नवी गादी काढली, नवी चादर घातली आणि त्यांना एकटं वाटू नये म्हणून बाहेरच्या खोलीत माझ्या पलंगाशेजारीच त्यांचं अंथरूण घातलं. जयमाला काहीतरी सांगायला आली होती. मी म्हटलं, "सकाळी बघू."

सकाळी उठलो तर गादी रिकामी. माणूस रागानं चालत निघाला वाटतं! अंगणात बघितलं, रस्त्यावर बघितलं, मग गच्चीवर गेलो. तिथं, जिन्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, उघड्या फरशीवर धोतराचा सोगा तोंडावर घेऊन आप्पासाहेब पडले होते. चार दिवस घाबरून ज्यानं अंगणात अंग टाकलं नाही, तो माणूस!

"आप्पासाहेब! इथं? उघड्यावर? शेंडेनक्षत्राची भीती नाही वाटली?"

त्यांनी सोगा काढला. डोळे लाल झाले होते.

"ते लई लांब हाय हो, भाऊसाहेब," ते म्हणाले. "तुमी हातभर अंतरावर हुता."