अंगुस्तानात मावते किती?

मी उझबेकिस्तानातल्या मार्गिलानच्या शाळेत एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलंय. कुठलंही भांडं समोर ठेवा, त्यात किती मावतं ते मी थेंबाथेंबापर्यंत सांगतो!

नोझिमाचं, म्हणजे माझ्या मुलीचं, लग्न तोंडावर आलं होतं. रुखवताच्या सुझनीवरचं, म्हणजे नक्षीच्या चादरीवरचं, भरतकाम अर्धं झालं आणि लाल रेशीम संपलं. तो रंग फक्त माझ्या सासूबाईंनाच जमतो. रंग पक्का बसतो तो तुरटीने, म्हणून मी आयींना, म्हणजे सासूबाईंनाच, तिचं प्रमाण विचारलं.

"एका लडीला दोन अंगुस्तानं तुरटी," आयी म्हणाल्या.

"कुठलं अंगुस्तान?"

"माझं!" असं म्हणून शिवताना सुई टोचू नये म्हणून घालायचं ते टोपण बोटात तसंच ठेवून त्या बहिणीकडे रिश्तानला निघून गेल्या.

असल्या कारभाराला मी विज्ञान म्हणत नाही. घरातली आणि शेजारपाजारची मिळून नऊ अंगुस्तानं गोळा केली. सरासरी काढायची ठरवली. पाणी काठावर फुगून बसतं, माप चुकतं. म्हणून व्होडका घेतली. द्राक्षाच्या मांडवाखाली नऊ अंगुस्तानं सैनिकांसारखी उभी केली आणि सिरिंजने एकेक भरू लागलो.

तेवढ्यात शेजारची आयदिन आपलं अंगुस्तान मागायला आली.

"मास्तर, हे काय चाललंय?"

"लग्नाची तयारी! एकेकात किती मावते ते बघतोय."

"एवढ्याशात?"

"एवढंसं कसं? दोन पूर्णांक चार मिलिलिटर! भरपूर झालं!"

ती आपलं अंगुस्तान न घेताच पळाली.

संध्याकाळी बायको मस्तुरा तंदूरवरून रोट्यांऐवजी लालबुंद चेहरा घेऊन आली. "अहो, लग्नात पाहुण्यांना अंगुस्तानातून दारू देणार आहात म्हणे! चहासुद्धा त्यातूनच का, असं विचारत होत्या सगळ्या!"

"अडाणी बायका!" मी म्हणालो आणि वहीत पुढचा आकडा लिहिला.

तिसऱ्या दिवशी व्याही तुर्सुनबाय दारात हजर. काखेत भलीमोठी पेटी.

"चाळीस पियाले आणलेत," ते खाली बघत म्हणाले. "तुमची एवढी ओढाताण चाललीय, हे कळवायचं तरी होतं. आमच्याकडचे लोक जरा... मोठ्या घशाचे आहेत हो."

दाराआड नोझिमा रडायला लागली. मस्तुराने माझ्याकडे असं पाहिलं की तिथल्या तिथे माझी वाफ व्हावी! मी वही उघडून व्याह्यांना सरासरी समजावू लागलो. जितकं समजावलं तितके ते जास्तच हळवे झाले.

इतक्यात आयी परतल्या. मला हुरूप आला!

"आता प्रत्यक्षच बघा! आयी, तुमचं अंगुस्तान द्या."

त्यांनी ते बोटातून काढून दिलं. मी ऐटीत व्याह्यांसमोर धरलं आणि बाटली ओतली. सगळी व्होडका थेट त्यांच्या नव्या बुटांत!

अंगुस्तानाला बूडच नव्हतं. नुसतं कडं!

व्याही आधी बुटांकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. आणि असे हसत सुटले की मांडवावरच्या चिमण्या उडाल्या. त्यांच्यामागून नोझिमाही हसली. लग्न वाचलं!

"पण आयी," मी रडकुंडीला आलो, "यात तुम्ही तुरटी मोजता कशी?"

"मोजतंय कोण, जावईबापू? माझी आई 'दोन अंगुस्तानं' म्हणायची, म्हणून मीही म्हणते. पाणी जिभेला लावते, जीभ आखडली की झालं!"

वहीत मी नऊ आकडे खोडले आणि 'जीभ' असं लिहिलं. आयींच्या जिभेचं माप काय, ते मात्र विचारलं नाही. एकतीस वर्षं मास्तरकी केली असली तरी मीही शेवटी जावईच!