एका बाईची मंडळी

"सर्वांनी उभं राहावं!" असं दिनकर पाळक गरजले की मंडळी उभी राहते. मंडळी म्हणजे सुगंधाबाई. एकट्या. गुडघे धरून त्या निम्म्या उठतात, तोवर पाळक म्हणतात, "सर्वांनी बसावं!" मग सूचना होतात. "उपासनेनंतर महिला मंडळाची सभा आहे. सर्व भगिनींनी थांबावं." सुगंधाबाई थांबतात. घर देवळाला लागूनच, जाणार कुठं?

कडेगावच्या पलीकडं एका वाडीत हे मेथडिस्ट देऊळ. बाकीची ख्रिस्ती घरं नोकरीपायी केव्हाच पुण्याकडं गेली. देवळाचे पाद्री, हे दिनकर पाळक, मलकापुरात माझे शेजारी. सकाळची तिथली उपासना आटोपली की दर रविवारी ते स्कूटरला किक मारतात आणि मला मागं बसवतात. मी ख्रिस्ती नाही. पण चढाला स्कूटर ढकलायला धर्म लागत नाही.

ऐकायला एकटी बाई म्हणून प्रवचन आखडतं घेतील तर शपथ! सुरुवातीला शेजारच्या रानात लावलेला ऊस आमेनपर्यंत तोडीला आलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. "जरा थोडक्यात घ्या," म्हटलं, तर म्हणाले, "हटायचं न्हाई गड्या!"

यंदा पाळकांचे वरचे साहेब, म्हणजे चर्चचे जिल्हा अधीक्षक, म्हणाले, "एका बाईसाठी देऊळ कशाला? कापणीच्या सणाला येतो आणि कुलूपच लावतो."

पाळक पेटले. वाडीत दारोदार फिरले. "आवं, सणाला यायचं बरं का! हटायचं न्हाई!"

सणाला देवळात मुंगीला वाट नव्हती. ऊसवाले आले, सुट्टीवरचे फौजी आले, किराणावाले जैन शेठ आले. देवापुढं ठेवलेल्या वस्तूंचा नंतर लिलाव होतो. एका कोंबड्यावरून दोन फौजी असे भिडले, की शेवटी कोंबडाच हात जोडायचा राहिला.

साहेब चकित. "पाळक, यातले सभासद किती?"

मी पाळकांच्या बरगडीत कोपर मारलं. शंभर सांगा की!

"एक," पाळक म्हणाले. "बाकी सगळी तिच्या हातची बाळंतपणं. वाडीची सुईण हाय ती, साहेब. मीबी तिच्याच हातचा."

मग शेठ पुढं झाले. "साहेब, वाडीत कुलपं फक्त माझ्या दुकानात मिळतात. संपलीत."

साहेबांना हसू आवरेना. "बाई आहेत तोवर राहू द्या," म्हणून गाडीत बसले.

इतक्यात सुगंधाबाईंनी दारातून हाक मारली, "दिन्या, जेवल्याबिगर हलायचं न्हाई! किती वाळलास रं!"

पाळक मुकाट्यानं जाऊन पाटावर बसले.

परतताना मी विचारलं, "बाईंनाच दर रविवारी मलकापुरात आणलं असतं की. एवढा हट्ट कशाला?"

पाळकांनी स्कूटर हळू केली. मग म्हणाले, "आई गेली. बायको होती, ती 'आवं' म्हणायची. दिन्या म्हणणारी एवढीच उरलीय गड्या. मलकापुरात चारचौघांत तीबी मला पाळकसाहेबच म्हणंल."