जुनी पट्टी जमा केल्याशिवाय नवी मिळणार नाही

"तू निश्चिंत राहा. तुझी ही हार्मोनची ट्रीटमेंट आता माझ्यावर सोड!" नवऱ्यानं छाती फुगवून जाहीर केलं, तेव्हाच बाईंनी ओळखलं, आता आपलं काही खरं नाही.

नवरा बॉयलर इन्स्पेक्टर. चोवीस वर्षं कारखान्यांतले बॉयलर तपासून तपासून गृहस्थाची समजूत अशी झालेली, की जगातली प्रत्येक गरम वस्तू आपल्या अखत्यारीत येते. आणि बाई गेले आठ महिने गरम होत होत्या! शाळेत उपमुख्याध्यापिका. फळ्यावर लिहिता लिहिता मानेपासून जाळ उठायचा, ब्लाउज घामानं चिंब, झोपेचं तर पार खोबरं.

डॉक्टरीणबाईंनी साधं सरळ सांगितलं होतं, "ही हार्मोनची पट्टी पोटावर चिकटवायची, आठवड्यातून दोनदा बदलायची. सुरुवातीला डोकं दुखेल, मळमळेल, छाती जड वाटेल. दोन-तीन महिन्यांत बसेल सगळं."

आणि गुण आला हो! तिसऱ्या आठवड्यात बाई सलग सहा तास झोपल्या. पण तोवर नवऱ्यानं रजिस्टर उघडलं होतं. दर दोन तासांनी थर्मामीटर! पलंगावर ओला टॉवेल टाकला म्हणून बाईंनी सुनावलं, की हा लिहिणार, 'सकाळी आठ. चिडचिड. कारण, हार्मोन.'

"कारण टॉवेल!" बाई ओरडल्या.

'आठ वाजून दोन मिनिटं. आवाज वाढला.'

रविवारी सकाळी पट्टी गायब! पोटावर नाही, अंथरुणात नाही, कपड्यांत नाही. सोमवारी मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखत. या जागेची बाईंनी अकरा वर्षं वाट पाहिलेली. समितीसमोर घामाच्या धारा लागल्या तर?

"अहो, खोक्यातली नवी द्या."

"आधी जुनी जमा कर. आमच्याकडे जुना वॉशर जमा केल्याशिवाय नवा देत नाहीत. जुनी अंगावरच कुठं चिकटलेली असली तर? डबल प्रेशर!"

"मी काय वॉशर आहे?"

"बघ, चिडलीस!" असं म्हणून त्यानं खोकं ब्रीफकेसमध्ये टाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. अकलेचा नुसता उजेड!

सोमवारी बाईंना सकाळपासून घाम. त्यात हा सोबत निघाला, म्हणे देखरेखीला! बाहेर बसेल अशी बाईंची आशा. पण बाईंचं नाव पुकारलं आणि त्यांच्याआधी हाच आत घुसला.

"मॅडम, मिसेस ट्रीटमेंटवर आहे. काही वेडंवाकडं बोलली तर मनावर घेऊ नका. ती बोलत नसते, हार्मोन बोलतात! थांबा, रजिस्टरच दाखवतो."

अकरा वर्षं पाण्यात! बाईंना रडूच फुटायचं बाकी होतं. समितीचे दोन सभासद छताकडे बघू लागले. अध्यक्षबाई मात्र ब्रीफकेसवर वाकलेल्या इन्स्पेक्टरच्या पाठीकडे टक लावून बघत होत्या. त्याचा पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"काय हो, तुम्हीही ट्रीटमेंटवर का?"

"मी? छे!"

"मग मानेखाली ही पट्टी कसली? मी हीच लावते. पण पोटावर."

बाईंनी मागून कॉलर ओढून पाहिलं. उघड्यानं झोपायची याची सवय! बाईंच्या पोटावरची पट्टी सुटली होती आणि साहेबांच्या पाठीवर मुक्कामाला आली होती. दीड दिवस!

नवरा पांढराफटक पडला. "तरीच! कालपासून मळमळतंय! डोकं ठणकतंय! छाती जड झालीय!" म्हणत मागच्या बाकावर आडवाच झाला.

"दीड दिवसात काही होत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "त्यांना पाणी द्या कुणीतरी."

बाईंनी पट्टी टर्रकन ओढून काढली. तो किंचाळला.

"जुनी जमा. नवी काढा."

किल्ली निमूट हातात आली. बाई बाथरूमला जाऊन पट्टी लावून आल्या. घाम काही लगेच थांबला नाही. तो रुमालानं पुसला आणि खुर्चीत ताठ बसल्या.

अध्यक्षबाईंनी समोरचा कागद उचलला. "पहिला प्रश्न. अत्यंत त्रासदायक माणसाला तुम्ही डोकं शांत ठेवून कसं सांभाळता? एखादं उदाहरण द्या."

बाईंनी मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथून कण्हण्याचा आवाज आला, "अगं, मला आता पुढं काय काय होणार गं?"

"राहू द्या, उदाहरण पोचलं," अध्यक्षबाईंनी कागद बाजूला ठेवला. "रुजू कधी होताय?"