गायकवाडसरांची बिल्डिंग

गायकवाडसर चित्रातल्या माणसालासुद्धा राहायला घर दिल्याशिवाय रस्त्यावर सोडत नसत.

आम्ही तिघं मिळून एक छोटा व्हिडिओ गेम करत होतो. प्रोग्रामिंग माझा नवरा नितीन करायचा, चित्रं गायकवाडसर काढायचे आणि कशावर किती खर्च करायचा ते मी ठरवायचे. म्हणजे थोडक्यात, नको म्हणायचं काम माझं. ऑफिस म्हणजे गाझियाबादमधल्या एका दातांच्या दवाखान्यावरची खोली. गेमची गोष्ट साधी होती: पळालेली बकरी शोधत एक मुलगी गावभर फिरते.

व्हिन्सेंट गायकवाड पन्नाशीचे. मूळचे नगरचे, पण वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून लहानपण सगळं दिल्लीच्या सरकारी क्वार्टर्समध्ये गेलं. मराठी अगदी स्वच्छ, फक्त वाक्याच्या शेवटी 'यार'.

पहिल्याच मीटिंगमध्ये मी म्हटलं, "सर, मागे रस्त्यावर चार-पाच माणसं जाताना दिसली की पुरे."

"कुठे जाताना?"

"कुठे म्हणजे? स्क्रीनच्या बाहेर."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मेघा, संध्याकाळ झालीय. बाईच्या हातात मेथीची जुडी आहे. ती स्क्रीनच्या बाहेर जाऊन काय करणार, यार?"

मेथीवाल्या बाईला घर मिळालं. मग शिंप्याला मिळालं. हवालदाराला भाड्याची खोली मिळाली, कारण "त्याची बदली होत असते." सर रोज एक माणूस काढायचे आणि त्याच्या पाठोपाठ त्याचं घर. बघता बघता गाव इतकं वाढलं, की बकरी सापडेपर्यंत ती मुलगी म्हातारी झाली असती.

शेवटी मी सांगून टाकलं, "सर, आपल्याकडचे पैसे संपत आलेत. घरं तीनच ठेवा, बाकीची माणसं काढून टाका. नाहीतर गेमच होणार नाही."

सर त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेले. मला फार वाईट वाटलं; पण हिशेब बदलणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी आले ते एकच चित्र घेऊन. तीन मजली बिल्डिंग. एक दार, एक जिना आणि एकच खिडकी, पुन्हा पुन्हा वापरलेली. फक्त प्रत्येक खिडकीचा पडदा वेगळा.

"सगळे इथेच राहतात," सर म्हणाले. "स्वस्तात बसतंय ना, यार?"

नितीन खुर्चीतून उठलाच. बाकीच्या सगळ्या घरांचा खर्च वाचला होता आणि माणूस एकही गेला नव्हता. बकरी त्याच बिल्डिंगच्या गच्चीवर सापडेल असं आम्ही ठरवलं. पुढे गेम खेळलेले लोक सांगायचे, की बकरी सापडल्यावरही ते तिथेच थांबतात. एकेक माणूस घरी येतो, एकेक खिडकी उजळते, ते बघत बसतात.

गेम बाहेर पडल्यावरच्या रविवारी सरांनी आम्हाला जेवायला बोलावलं. चर्चहून येऊन त्यांनी एकट्यानं सगळा स्वयंपाक केला होता. मटण, भरली वांगी, शेवयांची खीर. टेबलावर जागा नव्हती.

"अजून कोण कोण येणार आहे?" मी विचारलं.

"कोण येणार? तुम्हीच."

आई गेल्यापासून या घरात कुणी जेवायला बसलं नव्हतं, हे त्यांनी भात वाढता वाढता सांगितलं, मीठ कमी झालंय का विचारावं तशा आवाजात.

आम्ही निघालो तेव्हा त्यांनीही चपला घातल्या. "गेटपर्यंत येतो." गेटवर म्हणाले, "चलो, मेट्रोपर्यंत." मेट्रोत आमच्या मागोमाग त्यांनीही कार्ड लावलं. "दोन स्टेशनं येतो आणि परत फिरतो, यार." दोन स्टेशनं गेली, यमुना गेली. सर मेथीवाल्या बाईच्या मुलीच्या लग्नाचं सांगत होते.

आमचं स्टेशन आलं. नितीननं माझ्याकडे पाहिलं.

"सर, आता चहा घेऊनच जा," मी म्हटलं.

"छे छे, बिल्कुल नाही, तुम्हाला उगाच त्रास," असं म्हणत सर आमच्या पुढे जिना उतरू लागले. आमचं घर कुठल्या बाजूला आहे हे त्यांना ठाऊकही नव्हतं.