दोनच तर नट

दोघे भाऊ बाबांच्या गाडीखाली उताणे पडले होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांना कोणत्या दवाखान्यात न्यायचं यावरून दोघांत जुंपली, शेवटी थोरल्याच्या पसंतीच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथून बाबा परत आले नाहीत. धाकटा तेव्हा नको ते बोलून गेला. थोरल्यानेही तोडीस तोड उत्तर दिलं. तेव्हापासून अबोला. घरातलं बाकी सगळं वाटून झालं होतं, ही जुनी गाडी तेवढी दोघांच्या नावावर उरली होती. ती विकली गेली की एकमेकांचं तोंड बघायचं काही कारण राहणार नव्हतं. आईला या विचाराने रात्ररात्र झोप लागत नसे, पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. फाटका सायलेन्सर बदलून द्या, एवढंच त्याचं म्हणणं. नवा सायलेन्सर पायरीवर आईशेजारी कागदात गुंडाळून ठेवला होता.

"दोन नट काढायला मेकॅनिक कशाला?" थोरला सकाळी आईला म्हणाला होता. "बाबा घरीच करायचे."

"बरोबर आहे," धाकटाही आईलाच म्हणाला. वर्षभरात दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

नट एका बाजूला, बोल्टचं डोकं दुसऱ्या बाजूला. एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. थोरल्याने पाना लावून जोर केला, तर नटाबरोबर पलीकडचा बोल्टही फिरला.

"आई, त्याला सांग, नीट धर."

"अरे, नीट धर म्हणतोय."

"त्याला सांग, धरलंय. फिरवायच्या आधी सांगत जा म्हणावं."

"फिरवायच्या आधी सांग म्हणतोय."

"फिरवलं!"

हा निरोप पोचेपर्यंत धाकट्याचा पाना सटकून त्याची बोटं सोलवटली होती. मग आईने शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणून दिली. तेल ओतलं, ते नटावर कमी आणि थोरल्याच्या डोळ्यात जास्त गेलं. दुपारपर्यंत नटाचे कोपरे झिजून गोटीसारखे गुळगुळीत झाले, पण नट काही सुटेना. अखेर थोरल्याने पान्याला लांब नळी अडकवली आणि सगळा राग त्या नळीवर काढला.

सायलेन्सर धरून ठेवणारं मागचं रबर तुटलं. जड टोक दोघांच्या छातीवर आदळलं आणि बाबांच्या काळातला सगळा गंज तोंडावर सांडला. नट होते तिथेच होते.

"दादा! लागलं का रे?"

आई उठून उभी राहिली. हा निरोप तिच्याकडे आलाच नव्हता.

"नाही. तुला?"

"थोडंसं."

मग गाडीखालून थोरल्याचा आवाज आला, अगदी हळू. "तू म्हणत होतास तिथे नेलं असतं, तर वाचले असते का रे?"

"नाही वाचले असते." धाकटा म्हणाला. "मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना विचारलं होतं. तुला सांगायला जमलं नाही."

आत कोण रडलं ते आईला दिसलं नाही. चार पाय तेवढे बाहेर होते आणि चारही तसे मळकेच होते.

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. लोंबणारा सायलेन्सर पाहिला, गाडीखालून निघालेले दोन काळेकुट्ट मालक पाहिले, आणि "असू द्या, मी दुसरी बघतो," म्हणून निघून गेलं.

थोरला पायरीवर मटकन बसला. "बाबा कसे काढायचे गं हे नट?"

"ते कुठले काढतात! सारखे ढिले व्हायचे. शेवटी वैतागून दोन्हींना वेल्डिंग मारून आणलं. म्हणाले, आता बघू कसे सुटतात."

दोघेही तिच्याकडे बघत राहिले.

"आई, सकाळपासून इथेच बसली आहेस ना तू?" धाकट्याने विचारलं.

"बसलेय की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला बोलू कुठे देताय? सकाळपासून नुसतं त्याला सांग, त्याला सांग. ते सगळं सांगितलं मी."

थोरल्याने स्वतःच्या काळ्या बोटांकडे पाहिलं, मग धाकट्याच्या सोलवटलेल्या बोटांकडे. "उद्या मेकॅनिककडे टाकू. कापून काढेल तो पाच मिनिटांत. मग दुसरं गिऱ्हाईक बघू."

धाकटा पाने पुसून एकेक करून बाबांच्या पेटीत ठेवत होता.

"मेकॅनिक कशाला, दादा?" तो म्हणाला. "रविवारी येतो मी. दोनच तर नट आहेत."

थोरल्याने मान डोलावली. "ये. मी तेल आणून ठेवतो."